जुने ते सोने की भंगार? नाशिकमध्ये सेकंडहँड वस्तू घेताना काय तपासाल?

मोबाइल, लॅपटॉप, फ्रीज, दुचाकी की कपाट. जुनी वस्तू कुठे स्वस्त पडते, कुठे महागात जाते आणि पैसे देण्याआधी कोणती कागदपत्रे पाहायची? वाचा सविस्तर...

नाशिक : कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की पंचवटी, गंगापूर रोड, कॉलेज रोड परिसरात खोल्या शोधणाऱ्या विद्यार्थ्यांची वर्दळ वाढते. खोली मिळाली की पुढची यादी तयारच असते. पलंग, गादी, टेबल, कूलर, छोटा फ्रीज, लॅपटॉप आणि जमल्यास एक दुचाकी. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत नव्याने कामाला लागलेल्या कामगाराची यादीही फार वेगळी नसते. हे सगळे नवे घ्यायचे तर लाखाच्या पुढे हिशेब जातो. त्यामुळे पावले वळतात ती जुन्या वस्तूंकडे.

सोशल मीडियावर याला ‘थ्रिफ्टिंग’ असे नवे नाव मिळाले आहे. पाश्चात्त्य देशांत थ्रिफ्ट स्टोअर म्हणजे प्रामुख्याने दान म्हणून आलेल्या वस्तू विकून समाजकार्यासाठी पैसा उभा करणारे दुकान. अमेरिकेतील गुडविल ही संस्था 1902 मध्ये बोस्टनमध्ये याच कल्पनेतून सुरू झाली. आपल्याकडे दानाचा नव्हे, तर मोबदल्याचा रिवाज आहे. जुने द्या, त्या बदल्यात काहीतरी घ्या. दारावर येऊन जुन्या साड्या-शर्टांच्या बदल्यात स्टीलचे पातेले देणारी बोहारीण हे त्याचे सर्वात ओळखीचे रूप.

जुन्या वस्तू येतात कुठून?

स्वस्तात चांगली वस्तू मिळवायची असेल, तर ती विकणाऱ्याकडे कशी आली हे आधी समजून घ्यावे लागते. साधारण पाच वाटा आहेत.

पहिली वाट घर बदलणाऱ्यांची. बदली झाली, शिक्षण संपले, लग्न ठरले की सामान हलवण्यापेक्षा विकणे परवडते. अशा विक्रेत्याला किमतीपेक्षा तारखेची घाई असते. मे-जूनमध्ये शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी खोल्या सोडतात, तेव्हा टेबल, गादी, कूलर सर्वात स्वस्त मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये नवे विद्यार्थी आले की त्याच वस्तूंचा भाव चढतो.

दुसरी वाट एक्स्चेंजची. दसरा-दिवाळीत नवा टीव्ही, फ्रीज घेताना जुना दुकानदाराला दिला जातो. हा माल दुरुस्त होऊन सणानंतर काही आठवड्यांत जुन्या वस्तूंच्या दुकानांत दिसू लागतो. त्यामुळे दिवाळीपूर्वी जुना फ्रीज घेण्यापेक्षा दिवाळीनंतर घेतल्यास निवड जास्त मिळते.

तिसरी वाट कंपन्यांची. अनेक कंपन्या लॅपटॉप, खुर्च्या, टेबले काही वर्षे वापरून एकगठ्ठा विकतात. बाजारात ‘रिफर्बिश्ड’ म्हणून मिळणारे बहुतांश बिझनेस लॅपटॉप याच वाटेने येतात.

चौथी वाट पाडकामाची. जुन्या नाशिकमधील वाडे पाडले जातात तेव्हा सागवानी दारे, खांब, तुळया बाहेर येतात. मुरलेले जुने सागवान पुन्हा फुगण्या-आकसण्याची शक्यता कमी असते. म्हणून सुतार त्याला आजही मान देतात.

पाचवी वाट चोरीची. तिच्याबद्दल पुढे स्वतंत्रपणे पाहू.

नाशिकचा भंगार बाजार आणि त्याचे काय झाले?

मुंबईत मटण स्ट्रीटचा चोर बाजार, पुण्यात मंगळवार पेठेजवळ रविवार-बुधवारी भरणारा जुना बाजार, तसा नाशिकमध्ये अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार. औद्योगिक वसाहतीच्या कुशीत वाढलेल्या या बाजारात पत्रे, पाइप, ड्रम, मोटारी, लोखंडी दारे-खिडक्यांपासून फर्निचरपर्यंत सारे मिळत असे. घर बांधणारा सामान्य माणूस इथून खिडकीची चौकट नेई, तर छोटा वर्कशॉपवाला मशीनचा सुटा भाग.

मात्र, अनधिकृत बांधकामे, वाहतूक कोंडी, आगीचा धोका आणि परिसरातील रहिवाशांच्या तक्रारी यामुळे हा बाजार वर्षानुवर्षे वादात राहिला. महापालिकेने जानेवारी 2017 मध्ये मोठ्या पोलिस बंदोबस्तात शेकडो दुकाने हटवली. काही काळाने दुकाने पुन्हा उभी राहिली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये पुन्हा बुलडोझर चालवावा लागला.

ग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? दुकान हटले म्हणून जुन्या मालाची गरज संपत नाही. व्यवहार विखुरतो. कुणी गल्लीत गाळा घेतो, कुणी मोबाइलवर फोटो टाकून विकतो. कायमची जागा नसलेल्या विक्रेत्याकडून घेतलेली वस्तू बिघडली, तर परत नेऊन द्यायची कुठे, हा प्रश्न उरतो. त्यामुळे जुनी वस्तू घेताना दुकानाचा पत्ता आणि पावती यांना आता वस्तूइतकेच महत्त्व आले आहे.

स्वस्त म्हणजे नेमके किती स्वस्त?

जुनी वस्तू नेहमीच परवडते, हा समज खरा नाही. एक ढोबळ हिशेब करून पाहू. समजा, नवा छोटा फ्रीज 16 हजारांना आहे आणि जुना 6 हजारांना. जुना फ्रीज वर्षाला 150 युनिट वीज जास्त खातो आणि युनिटचा दर 9 रुपये आहे, असे धरू. म्हणजे विजेचा जादा खर्च वर्षाला 1,350 रुपये.

- दोन वर्षे राहणारा विद्यार्थी : जुना फ्रीज 6 हजारांना घेतला, दोन वर्षांनी 3,500 रुपयांना विकला. तोटा 2,500 रुपये, जादा वीज 2,700 रुपये. एकूण 5,200 रुपये. नवा घेऊन दोन वर्षांनी 8 हजारांना विकला असता, तर तोटा 8 हजार. इथे जुना फायद्याचा.

- दहा वर्षे वापरणारे कुटुंब : नव्या फ्रीजचा खर्च वर्षाला 1,600 रुपये पडतो. जुना फ्रीज चार वर्षे टिकला, तर वर्षाला 1,500 रुपये आणि जादा वीज 1,350 रुपये. म्हणजे 2,850 रुपये, शिवाय दुरुस्ती वेगळी. इथे नवा फायद्याचा.

म्हणजे प्रश्न ‘किती रुपयांना?’ एवढाच नाही, तर ‘किती दिवसांसाठी?’ हाही आहे. विजेवर सतत चालणाऱ्या वस्तूंना हा हिशेब लागू होतो. टेबल, कपाट, सायकल यांना वीज लागत नाही, म्हणून तिथे जुने जवळपास नेहमीच परवडते.

फ्रीज किंवा एसीवरील स्टार लेबलही नीट वाचा. स्टारचे निकष वेळोवेळी कडक होत जातात. त्यामुळे काही वर्षांपूर्वीचा पाच स्टार आजच्या निकषांत कमी स्टारचा ठरू शकतो. लेबलवरील वर्ष आणि वार्षिक युनिट हे दोन आकडे पाहा. जुन्या एसीत आर-22 गॅस असेल, तर तो टाळलेला बरा. ओझोन थराला घातक असल्याने या गॅसचा वापर भारतात 2030 पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होत आहे.

मोबाइल : आधी आयएमईआय, मग भाव

एम. जी. रोड हा नाशिककरांचा मोबाइल बाजार. नव्यासोबत जुन्या हँडसेटचा व्यवहारही इथे चालतो. जुना फोन कुठूनही घ्या, पुढचा क्रम सोडू नका.

1. फोनवर *#06# डायल करा. पडद्यावर येणारा 15 अंकी आयएमईआय क्रमांक बिलावरील आणि खोक्यावरील क्रमांकाशी जुळवा.

2. दूरसंचार विभागाने मे 2023 मध्ये सुरू केलेल्या ‘संचार साथी’ पोर्टलवर किंवा अ‍ॅपवर हा क्रमांक टाका. एसएमएसनेही तपासता येते. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, एक जागा सोडून आयएमईआय आणि पाठवायचे 14422 वर. क्रमांक ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असल्याचे उत्तर आले, तर फोन परत द्या आणि निघा.

3. विक्रेत्याला तुमच्यासमोर गुगल किंवा अ‍ॅपल खात्यातून बाहेर पडायला सांगा आणि फोन फॅक्टरी रीसेट करून घ्या. रीसेटनंतर जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला गेला, तर तो फोन तुमच्या काहीच उपयोगाचा नाही.

4. स्वतःचे सिम घालून कॉल लावा. कॅमेरा, स्पीकर, माइक, चार्जिंग, वाय-फाय तपासा. आयफोनमध्ये बॅटरी हेल्थ सेटिंगमध्येच दिसते. ती 80 टक्क्यांच्या खाली असेल, तर बॅटरी बदलायचा खर्च भावातून वजा करा.

5. कंपनी त्या मॉडेलला सुरक्षा अपडेट किती काळ देणार आहे, ते पाहा. बँकेचे अ‍ॅप वापरणार असाल, तर अपडेट बंद झालेला फोन स्वस्त मिळाला तरी धोक्याचा.

लॅपटॉप : विंडोज 10 चा मुद्दा विसरू नका

मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित सपोर्ट बंद केला. विंडोज 11 साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 लागते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप बाजारात मोठ्या प्रमाणावर आणि आकर्षक भावात दिसतात. ‘आय सेव्हन आहे’ एवढ्यावर भुलू नका. सहाव्या पिढीच्या आय सेव्हनपेक्षा आठव्या पिढीचा आय फाइव्ह बहुतेकांच्या जास्त कामाचा.

रॅम आणि एसएसडी वाढवता येते का, बॅटरी चार्जरशिवाय किती वेळ टिकते, बिजागर ढिले झाले आहे का, पडद्यावर काळे डाग आहेत का आणि कंपनीचा बायोस पासवर्ड काढला आहे का, हे तपासा. ‘रिफर्बिश्ड’ म्हणजे तपासून, दुरुस्त करून विकलेले. ‘युज्ड’ म्हणजे आहे तसे. ‘ओपन बॉक्स’ म्हणजे खोके उघडलेले, पण फारसे न वापरलेले. तिन्हींचा भाव एक असू शकत नाही.

दुचाकी-चारचाकी : नाव बदलेपर्यंत व्यवहार अपूर्ण

वाहनाच्या बाबतीत सर्वात मोठी चूक होते ती नाव न बदलण्याची. ओळखीतला व्यवहार आहे, नंतर बघू, असे म्हणून महिने जातात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार प्रकरणात स्पष्ट केले, की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक मानला जाईल आणि अपघातातील भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येईल. म्हणजे गाडी विकूनही विकणारा अडकू शकतो.

- एमएच 15 म्हणजे नाशिक, एमएच 41 म्हणजे मालेगाव. गाडी वेगळ्या आरटीओची असेल, तर फॉर्म 28 म्हणजे एनओसी लागते का, ते आधी विचारा.

- नाव बदलण्यासाठी फॉर्म 29 आणि फॉर्म 30. राज्यातल्या राज्यात विक्री असेल, तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवणे कायद्याने अपेक्षित आहे.

- आरसीवर कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

- एम-परिवहन अ‍ॅपवर नोंदणी, विमा, पीयूसी पाहा. थकीत ई-चलन आहे का, तेही तपासा. इंजिन आणि चेसिस क्रमांक आरसीशी स्वतः जुळवा.

- 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या वाहनांना एचएसआरपी नंबरप्लेट बंधनकारक आहे. ती बसवलेली नसेल, तर तो खर्च तुमच्या डोक्यावर येईल.

- 15 वर्षे झालेल्या गाडीची फेरनोंदणी आणि पर्यावरण कर यांचा खर्च धरूनच भाव ठरवा.

- विमा तुमच्या नावावर करण्यासाठी 14 दिवसांत अर्ज करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.

जुन्या गाड्यांवरील 18 टक्के जीएसटीबद्दलही बराच गोंधळ आहे. जीएसटी परिषदेच्या डिसेंबर 2024 मधील निर्णयानुसार हा कर नोंदणीकृत डीलरच्या नफ्यावर लागतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. डीलरने 3 लाखांना घेतलेली गाडी 3 लाख 40 हजारांना विकली, तर साधारणपणे कर 40 हजारांवर, म्हणजे 7,200 रुपये. दोन सामान्य व्यक्तींमधील व्यवहारावर जीएसटी नाही.

फर्निचर, भांडी आणि कपडे

लाकडी वस्तू उलटी करून पाहा. समोरून पॉलिश चकाकते, खरी गोष्ट तळाशी आणि पाठीमागे कळते. बारीक भुसा दिसला, ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर वाळवी किंवा भुंगा लागलेला असू शकतो. पलंगाच्या सांध्यांत आणि गादीच्या शिवणीत काळे ठिपके दिसले, तर ढेकूण. जुने लोखंडी कपाट मात्र डोळे झाकून नव्हे, पण निर्धास्त घ्यावे. तळाचा गंज, बिजागऱ्या आणि कुलपाच्या दोन्ही किल्ल्या पाहिल्या की झाले.

तांब्या-पितळेसाठी नाशिक जुने नाव. तांबट आळी आणि भांडी बाजार ही ठिकाणे त्याची साक्ष. जुनी भांडी इथे मोडीत, म्हणजे वजनाच्या भावाने घेतली जातात. तुम्हाला जुना हंडा, घंगाळ, बंब घ्यायचा असेल, तर त्या दिवसाचा मोडीचा आणि नव्या भांड्याचा किलोचा दर आधी विचारा. योग्य भाव या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो. घंगाळ शोभेसाठी हवे असेल, तर पोचे चालतील. पितळी पातेल्यात स्वयंपाक करायचा असेल, तर कल्हईचा खर्च धरा.

कपड्यांचा प्रवास आणखी लांबचा. बोहारणीने घरोघरून आणलेल्या कपड्यांची प्रतवारी होते. चांगले कपडे धुऊन, इस्त्री करून पुन्हा विक्रीला येतात. अगदी फाटके कारखान्यांत यंत्रे पुसायच्या चिंध्या म्हणून जातात किंवा त्यांचे धागे करून नवे कापड विणले जाते. हरियाणातील पानिपत हे त्याचे मोठे केंद्र. घेताना काख, कॉलर, चेन आणि शिवणी उजेडात पाहा. घरी आणल्यावर गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवल्याशिवाय अंगावर घालू नका.

पुस्तके घेताना ‘पॅटर्न’ पाहा

जुन्या पुस्तकांत निम्म्या किमतीचा मोह मोठा असतो. पण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीत 2015, 2019 आणि 2024 असे पॅटर्न बदलत गेले. विषयाचे नाव तेच राहून आतील घटक बदलू शकतात. शालेय पातळीवरही 2025-26 पासून पहिलीला नवे पुस्तक आले असून इतर इयत्तांचे बदल टप्प्याटप्प्याने होत आहेत. मूळ संकल्पनांची संदर्भग्रंथ प्रकारची पुस्तके जुनी घ्या, गाइड आणि प्रश्नसंच मात्र चालू वर्षाचेच.

चोरीचा माल निघाला तर?

‘मला माहीत नव्हते’ एवढे म्हणून सुटका होईलच असे नाही. चोरीची वस्तू आहे हे माहीत असताना किंवा तसे मानायला कारण असताना ती घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 नुसार गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. 40 हजारांचा फोन बिल आणि चार्जरशिवाय 6 हजारांना मिळत असेल, तर तो संशयाला पुरेसे कारण ठरू शकतो. गुन्हा दाखल झाला नाही, तरी वस्तू पोलिस जप्त करतात आणि पैसे गेलेले असतात. झळ बसते ती पोटाला चिमटा काढून फोन घेणाऱ्याला.

उपाय साधा आहे. साध्या कागदावर का होईना, पावती घ्या. त्यावर विक्रेत्याचे नाव, मोबाइल क्रमांक, वस्तूचा सीरियल किंवा आयएमईआय क्रमांक, रक्कम, तारीख आणि सही असावी. मूळ बिल असेल तर तेही मागा. पैसे शक्यतो यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते.

ऑनलाइन व्यवहारात ही एक ओळ पाठ करा

पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. जुनी वस्तू विकणाऱ्यांची सर्वाधिक फसवणूक इथेच होते. ‘क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा, पैसे येतील’ असे समोरचा म्हणाला, की समजा तो पैसे काढायला बसला आहे. घेणाऱ्यांसाठी सापळा वेगळा. ‘बदली झाली आहे, गाडी तातडीने विकायची आहे, डिलिव्हरीचा खर्च आधी पाठवा’. वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. भेट दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी आणि सोबत कुणाला तरी घेऊन करा. फसवणूक झालीच, तर लगेच 1930 वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

दुकानातून घेतलेल्या वस्तूला ‘एक महिन्याची टेस्टिंग वॉरंटी’ सांगितली जाते. ती पावतीवर लिहून घ्या. दुकानदाराने शब्द पाळला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आणि जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. तोंडी वॉरंटी तिथे सिद्ध करणे कठीण जाते.

घासाघीस कशी कराल?

- आधी त्याच वस्तूचा नव्याचा आजचा भाव पाहा. अनेकदा ऑफरमधील नवी वस्तू आणि जुनी वस्तू यांत हजार-दोन हजारांचाच फरक निघतो.

- दोष दाखवून भाव करा. ‘कमी करा ना’ यापेक्षा ‘गॅस्केट सैल आहे, बदलायला खर्च येईल’ हे जास्त उपयोगी पडते.

- सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला अनेक दुकानदार बोहनीसाठी परत पाठवत नाहीत. मात्र, खरोखर घ्यायचे असेल तरच बोहनीच्या वेळी भाव करा.

- वाहतुकीचा खर्च आधी ठरवा. 1,500 रुपयांच्या टेबलाला 700 रुपये टेम्पोभाडे लागले, तर ते टेबल 2,200 रुपयांचे झाले.

हे मात्र जुने घेऊ नका

हेल्मेट, लहान मुलांची कार सीट, गॅसची नळी आणि रेग्युलेटर, कापसाची किंवा फोमची डाग पडलेली गादी, जुने टायर. हेल्मेटला एकदा मार बसला की आतील थर दबतो, बाहेरून काही दिसत नाही. दुसऱ्याच्या नावावरचे गॅस सिलिंडरही परस्पर विकत घेऊ नका. गॅस एजन्सीमार्फत रीतसर जोडणी घ्या.

पैसे देण्याआधीची पाच मिनिटे

वस्तू स्वतः चालवून पाहिली का? फ्रीज असेल तर किमान अर्धा तास सुरू ठेवायला सांगितले का? क्रमांक जुळवले का? पावती हातात आली का? बिघडली तर परत कुठे यायचे, हे ठाऊक आहे का? पाचही उत्तरे ‘हो’ असतील, तर जुनी वस्तू घ्यायला हरकत नाही. एखादे जरी ‘नाही’ असेल, तर घाई करू नका. जुन्या बाजारात तशीच दुसरी वस्तू आठवड्याभरात पुन्हा येते.